आजीच्या मुठीतली गोळी

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझी कवितांची वही मी दोनदा वाचली. रात्री आजीच्या थरथरत्या तळहातावर गोळी ठेवून तिची मूठ आपल्या हाताने मिटवणारे नातवंड तू चार ओळींत असे टिपले आहेस की, तेथे देवाचे नाव नसतानाही त्याचे सान्निध्य जाणवते. पाचव्या ओळीपासून मात्र ‘दयासागर’, ‘कृपानिधी’, ‘सर्वसमर्थ’ अशी विशेषणे सुरू होतात आणि आजी दिसेनाशी होते. त्या पुढच्या सहा ओळी काढून टाक, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण मराठीतून ‘रोजची भाकर’ मागतो. तव्यावरची, पीठ लागलेल्या हातांची ही भाकर त्या प्रार्थनेत आहे म्हणूनच ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य प्रभूबरोबर चालतात, त्याच्या तोंडून शास्त्राचा उलगडा ऐकतात, तरी त्याला ओळखतात ते त्याने भाकर मोडून दिली तेव्हाच. तुझ्या आजीची मिटलेली मूठ मला याच जातीची वाटते.

आपल्या पूर्वसूरींनीही हेच जाणले होते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने 1616 साली गोव्यात प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ओवी निवडली, ज्ञानेश्वरीत नांदणारी आणि जात्यावर बायकांच्या ओठी असणारी ओवी. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा अभंग सोडला नाही, उलट त्याच अभंगातून ते ख्रिस्ताला माउली म्हणून साद घालत राहिले. ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे अपुरे राहिलेले काव्य ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यांना विश्वासासाठी वेगळी, परकी भाषा घडवावी लागली नाही, तशी ती तुलाही घडवावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. तुझी प्रत्येक कविता समाधानावर येऊन थांबते. माझी पत्नी आजारी असताना मी रुग्णालयाच्या बाकावर रात्रभर बसून होतो आणि माझ्याने प्रार्थनेचा एक शब्दही उच्चारवला नाही. पुढे त्या रात्रीवर मी जे स्तुतिगीत लिहिले ते खोटे उतरले, कारण त्या रात्री मी स्तुती केलीच नव्हती. बायबलच्या स्तोत्रसंहितेतले 88वे स्तोत्र उघडून पाहा. त्याचा शेवट अंधारात होतो, आणि तरीही ते सगळे देवालाच उद्देशून म्हटलेले आहे. ज्या दिवशी उत्तर मिळाले नसेल त्या दिवसाची कविता तशीच उघडी राहू दे.

पुढच्या खेपेस नवी कविता पाठवण्याची घाई करू नकोस. आजीच्या तोंडी जात्यावरची एखादी ओवी अजून असेल, तर तिच्याजवळ बसून तिच्याच उच्चारांत ती उतरवून घे आणि मला पाठव. तिला माझा सलाम सांग.