चुना नेमका कुठे आणि किती? ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या तीन प्रश्नांना उत्तरे

मुरबाड: भातानंतर भेंडी करायची आहे. माती परीक्षणात सामू (pH) 5.4 आला. गुंठ्याला चुना किती टाकू?

सामू 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एका अंकाला दहा पट फरक पडतो, 5.4 ची माती 6.4 च्या मातीपेक्षा दहा पट आम्ल असते. पण हा आकडा मातीतल्या पाण्यापुरता आहे. मातीच्या कणांना धरून बसलेला हायड्रोजन आणि ॲल्युमिनियमचा साठा त्यात दिसत नाही, आणि चुना खर्च होतो तो त्या साठ्यावरच. म्हणून सामू तोच असला तरी हलक्या वरकस जमिनीला चुना कमी लागतो, चिकण खाचराला बराच जास्त. प्रयोगशाळेत नमुना देताना सामूबरोबर ‘चुन्याची गरज’ही काढून मागा.

तो अहवाल येईपर्यंत सबंध शेतात चुना फेकू नका. बारीक चुनखडी पावडर गुंठ्याला 2 ते 4 किलो, फक्त सरीत द्या आणि ओलाव्यात मातीत मिसळा. कोरड्या मातीत चुना नुसता पडून राहतो. विरलेला चुना वापरणार असाल तर प्रमाण कमी करा. 100 किलो शुद्ध चुनखडीचे काम 74 किलो विरलेला चुना किंवा 56 किलो कळीचा (भाजलेला, अजून पाणी न घातलेला) चुना करतो. विरलेला चुना झोंबरा असतो, त्यामुळे बियाणे टोकण्याआधी दोन आठवडे तरी द्या. युरिया किंवा अमोनियम सल्फेटबरोबर तर मुळीच नको: नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. वास आलाच तर समजा, खताचे पैसे उडाले.

सामू 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळू लागते, मुळांची टोके आखूड व जाड होतात आणि दिलेले स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकते. उलट चुना जास्त झाला तर जस्त, लोह आणि बोरॉन पिकाला मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात. आपल्याकडच्या पावसात कॅल्शियम वाहून जातेच, त्यात अमोनियम सल्फेटची भर: त्याच्या 100 किलोने होणारी आम्लता मोडायला सुमारे 110 किलो चुनखडी लागते.

भातासाठी मात्र चुन्याची घाई नको. खाचरात पाणी साठून राहिले की तीन-चार आठवड्यांत सामू आपोआप 6.5 च्या आसपास येतो. अहवालातला 5.4 हा वाळवलेल्या मातीचा आहे.

भिवंडी: खाडीचे पाणी शिरून शेत खारट झाले. चुना चालेल का?

नाही. तिथे दोष मिठाचा आहे, आणि मीठ ना आम्ल ना विम्ल. सामू बहुधा 7 च्या जवळच निघेल. त्यासोबत विद्युत वाहकता मोजून घ्या, मिठाचे प्रमाण तिच्यावरून कळते. बांध आणि उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडप) आधी दुरुस्त करा, पावसाचे पाणी कोंडून ठेवून दोन-तीनदा बाहेर सोडा. भात निघाल्यावर जमीन उघडी ठेवू नका, उन्हाने क्षार वर येतात. वर पेंढा पसरा. बियाण्यासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल 1, 2 किंवा 3 वाण पाहा.

बदलापूर: बोर्डो मिश्रण फवारल्यावर आंब्याची कोवळी पाने करपली. असे का झाले?

बोर्डो म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे बुरशीनाशक. तुमच्या मिश्रणात आम्लता राहिली असावी. मोरचुदाचे पाणी आम्ल असते, ते चुन्याने पूर्ण मोडले नाही तर मोकळे तांबे पान जाळते. उघड्या पोत्यातला जुना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी बनतो. वजन भरते, काम होत नाही. ताजा कळीचा चुनाच घ्या.

एक टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात विरघळवा. 1 किलो चुना थोडे थोडे पाणी शिंपडत विरवा (तो उकळतो, डोळे सांभाळा), गाळून 50 लिटर करा. भांडी प्लास्टिकची, लोखंडी नकोत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओता, उलटे नको. मग घासून स्वच्छ केलेले विळ्याचे पाते त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी निवळी घाला आणि पुन्हा तपासा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. त्यात कीटकनाशक घालू नका, विम्ल पाण्यात बरीच औषधे फवारण्याआधीच फुटतात.