अर्गुंगू: जत्रेचे चार दिवस आणि उरलेलं वर्ष

ताई, तुमच्या भावाला नायजेरियात बिर्निन केब्बीला भातगिरणीत नोकरी लागली आहे आणि जवळच्या अर्गुंगूत मासेमारीच्या जत्रेशिवाय काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. गिरणीची यंत्रं बसवायला मी त्या भागात दोन हंगाम काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जत्राच घेऊ, कारण तिच्यामागची गोष्ट मोठी आहे. केब्बीचं राज्य एकोणिसाव्या शतकभर शेजारच्या सोकोटोच्या सुलतानांच्या सत्तेशी झुंजत राहिलं. 1934 साली सोकोटोचे सुलतान अर्गुंगूला आले, जुनं वैर मिटलं, आणि त्यांच्या स्वागतासाठी मोठी मासेमारी झाली. तीच ही जत्रा. मध्ये बरीच वर्षं बंद होती, मार्च 2020 मध्ये पुन्हा भरली. 2016 पासून ती युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.

शेवटच्या दिवशी हजारो कोळी एकदम पाण्यात उतरतात. होडी नाही, यंत्र नाही. दोन हातांत पंखांसारखी उघडणारी जाळी आणि सोबत हा एवढा मोठा सुका भोपळा. आपल्याकडे पोहायला शिकताना पोरांच्या कमरेला भोपळा बांधायचे ना, तसाच तो तरंगतो. शिवाय पकडलेला मासा त्याच्या तोंडातून आत टाकता येतो. खटपट असते ती 'गिवान रुवा' या भल्यामोठ्या माशासाठी. तिथल्या हौसा भाषेत याचा शब्दशः अर्थ पाण्यातला हत्ती. सगळा खेळ तासाभराचा, पण त्या तासासाठी नदीचा तो पट्टा एरवी मासेमारीला बंद ठेवतात. त्यावर देखरेख 'सरकिन रुवा'ची, म्हणजे पाण्याच्या मानकऱ्याची. ही जबाबदारी त्याच्या घराण्यात चालत आलेली आहे. मला जत्रेपेक्षा ही वर्षभराची राखण जास्त थोर वाटते.

पोट मात्र 'फदामा'वर चालतं. फदामा म्हणजे नदीचं पाणी पसरून ओसरतं ती गाळाची जमीन. पावसाळ्यात भात, पाणी ओसरलं की पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या पंपांनी पाणी देऊन कांदा, मिरची, भाजी. वरच्या कोरड्या रानात बाजरी आणि ज्वारी. 2015 मध्ये नायजेरिया सरकारने भातशेतकऱ्यांसाठीची कर्जयोजना बिर्निन केब्बीतूनच सुरू केली आणि तिथल्या भाताचं नाव देशभर झालं.

तांदूळ घरोघरी बायकाच उकडतात. धान भिजत घालायचं, पिंपात वाफवायचं, मग ताडपत्रीवर पसरून उन्हात पायाने परतत राहायचं. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी वाटेतच थांबलो. आमच्या मालवणच्या आजोळी उकड्या तांदळाच्या पेजेला अगदी हाच वास यायचा.

भाऊ शाकाहारी असेल तर त्याला 'फुरा दा नोनो' सांगा: बाजरीचे शिजवलेले गोळे आंबट दुधात कुस्करून देतात. गुरं पाळणाऱ्या फुलानी जमातीतल्या बायका डोक्यावर भोपळ्याचं भांडं घेऊन विकायला येतात. उन्हातान्हात त्यासारखं दुसरं काही नाही.

कांता संग्रहालय जरूर बघावं. मातीच्या भिंतींचा तो पूर्वीचा राजवाडा. आत जुने भाले, तलवारी, नगारे आहेत. पण खरी मजा बाजाराच्या दिवशी.

माणसं फार अगत्याची. मात्र आल्याआल्या कामाचं बोलू नये. आधी 'सन्नू', मग 'इना क्वाना' म्हणजे रात्र कशी गेली, घरचे कसे, काम कसं, हे सगळं विचारून व्हायला हवं. मी सुरुवातीला थेट नटबोल्टवर यायचो, तेव्हा फोरमन शांतपणे मला परत 'इना क्वाना'वर आणायचा. त्यानंतरच पाना हातात घ्यायचा.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. वायव्य नायजेरियात अपहरणाच्या घटना होतात. भावाने एकट्याने किंवा अंधार पडल्यावर रस्त्याला लागू नये, कंपनीची गाडी आणि स्थानिक सोबत घ्यावी, आणि निघण्याआधी त्या आठवड्याची परिस्थिती तिथल्याच माणसांना विचारावी. ती नको म्हणाली, तर जत्रा असली तरी जाऊ नये.