सामाजिक शास्त्रांतील संशोधनासाठी प्रगत संख्याशास्त्रीय पद्धती शिकायच्या असतील, तर सुरुवात कोठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की टी-टेस्ट, काय-स्क्वेअर आणि साधे रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची पद्धत) तुम्हाला जमते, गणित सुटून बरीच वर्षे झाली आहेत, आणि शाळकरी मुलांच्या वाचनसवयींवरील प्रबंधात मल्टिलेव्हल मॉडेल (मूल, वर्ग, शाळा अशा पातळ्या वेगळ्या धरणारे रिग्रेशन) व स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, म्हणजे एसईएम (थेट न मोजता येणाऱ्या गोष्टींमधील संबंध बाणांच्या आराखड्याने तपासण्याची पद्धत), वापरण्यास गाईडनी सांगितले आहे. मीही समाजशास्त्रातूनच या विषयाकडे वळलो. तेव्हा पद्धतींच्या नावांची यादी समोर ठेवून एकेक नाव खोडत शिकायचे, असा माझा बेत होता आणि त्यात जवळजवळ एक वर्ष गेले. घटक विश्लेषण, क्लस्टर विश्लेषण, लॉजिस्टिक रिग्रेशन हे सगळे एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये चालवता येऊ लागले. मात्र तोंडी परीक्षेत ‘हीच पद्धत का निवडली?’ एवढेच विचारल्यावर मी गप्प झालो.

माझे मत असे झाले आहे की प्रगत पद्धत म्हणजे बहुतेक वेळा साध्या रिग्रेशनचे एखादे गृहीतक जेथे टिकत नाही तेथे केलेली दुरुस्ती असते. त्यामुळे नव्या पद्धतीकडे जाण्यापूर्वी रिग्रेशनचे प्रत्येक गृहीतक कशासाठी आहे आणि ते मोडले तर नेमके काय बिघडते, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत तेथेच थांबावे. हे ऐकायला संथ वाटते, पण पुढचा रस्ता त्यामुळे निम्म्याने कमी होतो.

तुमच्याच विषयातील उदाहरण घेऊ. समजा, 40 वर्गांतून प्रत्येकी 30 अशी 1200 मुले तुमच्या नमुन्यात आहेत. साधे रिग्रेशन असे धरून चालते की ही 1200 निरीक्षणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. प्रत्यक्षात एका वर्गातील मुलांचे शिक्षक एक, ग्रंथालय एक, पुष्कळदा वस्तीही एकच. मुलांच्या गुणांतील एकूण फरकापैकी वर्गावर्गांमधील फरकाचा वाटा 10 टक्के असेल, म्हणजे वर्गांतर्गत सहसंबंध 0.1 असेल, तर 1 + (30 − 1) × 0.1 या साध्या सूत्राने, माहिती किती पटीने घटते ते सांगणारा 3.9 हा आकडा येतो. 1200 ला 3.9 ने भागा. शिक्षकांच्या प्रशिक्षणासारख्या, संपूर्ण वर्गाला सारख्याच लागू होणाऱ्या गोष्टीचा परिणाम मोजताना तुमच्या हातात प्रत्यक्षात सुमारे 308 मुलांइतकीच माहिती असते.

हे सूत्र मी पाठ केले होते. ते समजले मात्र खोटी माहिती तयार करून पाहिल्यावर. संगणकावर 40 काल्पनिक वर्ग बनवले, त्यांतील 20 वर्गांच्या शिक्षकांना ‘प्रशिक्षण’ दिले, परंतु त्याचा परिणाम मुद्दाम शून्य ठेवला आणि तोच प्रयोग हजार वेळा केला. पाच टक्क्यांच्या पातळीवर साधारण 50 वेळा चुकून ‘सार्थक’ (केवळ योगायोगाचा नाही असे वाटणारा) निकाल यायला हवा. साध्या रिग्रेशनने तो तीनशेहून अधिक वेळा दिला. मल्टिलेव्हल मॉडेल चालवल्यावर आकडा पुन्हा पन्नासच्या आसपास आला. ही पद्धत का जन्माला आली, हे त्या संध्याकाळी जितके कळले तितके आधीच्या अनेक महिन्यांत कळले नव्हते. म्हणून कोणतीही पद्धत शिकताना, उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी माहिती स्वतः तयार करावी आणि ती पद्धत ते उत्तर शोधून काढते का, हे पाहावे. त्यासाठी लागणारा प्रोग्राम वीस-पंचवीस ओळींचा असतो.

पातळ्यांचा घोळ केवळ प्रमाण त्रुटीपुरता (अंदाज किती डळमळीत आहे याच्या मापापुरता) नसतो, निष्कर्षाची दिशाही त्यामुळे उलटू शकते. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी 1950 मध्ये अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवरून दाखवले की राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध सुमारे −0.53 होता, तर व्यक्तींच्या पातळीवर तोच +0.12 होता. स्थलांतरित लोक मुळात साक्षरता अधिक असलेल्या राज्यांत स्थायिक होत होते, एवढेच त्यामागचे कारण. तुमच्या प्रबंधात ‘ज्या शाळांत ग्रंथालय मोठे तेथे वाचन अधिक’ हे वाक्य आले, तर ते शाळेविषयी आहे की मुलाविषयी, हा प्रश्न परीक्षक विचारणारच.

एसईएमविषयी मी थोडा साशंक आहे, हे आधीच सांगतो. वाचनाची आवड थेट मोजता येत नाही, ती पाच-सहा प्रश्नांच्या उत्तरांवरून अनुमानावी लागते, आणि अशा अप्रत्यक्ष चलांच्या मोजमापातील त्रुटी हिशोबात घेण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. धोका बाणांमध्ये आहे. पालकांचे वाचन → घरातील पुस्तके → मुलाची आवड अशी साखळी काढा आणि मग दोन्ही बाण उलटे करून पाहा. मॉडेलची माहितीशी जुळणी तसूभरही बदलत नाही. जुळणीचे निर्देशांक चांगले आले म्हणून कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे लिहिणारे प्रबंध मी पुष्कळ वाचले आहेत. बाणाची दिशा सिद्धांतातून, घटनाक्रमातून किंवा संशोधनाच्या आराखड्यातून यावी लागते, सॉफ्टवेअर ती देत नाही.

गणिताची भीती बाळगू नका. लॉगॅरिदम, संभाव्यतेचे प्राथमिक नियम आणि मॅट्रिक्सचा गुणाकार एवढे उजळले तरी बराच पल्ला गाठता येतो. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये सहगुणक 0.7 आला, तर ऑड्स (घडण्याची शक्यता भागिले न घडण्याची शक्यता) दुप्पट होतात, शक्यता दुप्पट होत नाही: 50 टक्क्यांची 67 होते आणि 10 टक्क्यांची 18. हा फरक कागदावर एकदा हाताने सोडवून पाहा. सॉफ्टवेअर म्हणून आर (R) घ्या. ते मोफत आहे, मल्टिलेव्हल मॉडेल आणि एसईएम या दोन्हींसाठी त्यात चांगली पॅकेजे आहेत, आणि आपण काय केले ते लिखित स्वरूपात शिल्लक राहते. आठवड्याला सहा तास दिले, तर एक पद्धत अंगवळणी पडायला साधारण सहा महिने लागतात, असा माझा अनुभव आहे. दोन्ही पद्धती एकदम धरू नका. तुमच्या माहितीची रचना पाहता मल्टिलेव्हल आधी घ्या.

प्रश्नावली अजून वाटली नसेल, तर एक गोष्ट आजच करा. प्रत्येक मुलाच्या नोंदीत शाळेचा आणि वर्गाचा क्रमांक घाला, कारण तो नंतर कोणत्याही पद्धतीने परत मिळवता येत नाही. आणि 1200 मुलेच घ्यायची असतील, तर 40 वर्गांतून 30 घेण्याऐवजी 60 वर्गांतून 20 घेता येतात का, ते गाईडना विचारा. त्याच सहसंबंधाला भागाकार 2.9 ने होईल आणि 308 च्या जागी सुमारे 414 मुलांइतकी माहिती हाती येईल.