‘कुजके भाषण’ आणि चवीपुरतं मीठ

प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या तरुण संघाच्या सभेला एक जण नेहमी उशिरा येतो. परवा तो चक्क वेळेवर आला, तर दुसरा म्हणाला, “आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा, ब्रदर?” पहिला रुसला आणि शेवटची प्रार्थना व्हायच्या आत निघून गेला. मग कुणीतरी बायबलातलं, पौलाने इफिसच्या मंडळीला (तिथल्या चर्चला) लिहिलेलं इफिसकरांस पत्र काढलं, अध्याय 4, ओवी 29: “तुमच्या मुखातून कसलेच कुजके भाषण न निघो.” बोलणारा म्हणतो, मी शिवी कुठे दिली? एक ताई त्याची बाजू घेऊन म्हणाल्या की बोलणं “मिठाने रुचकर” असावं हेही पौलच लिहितो, तेव्हा थोडी गंमत चालायचीच. तर कुजके भाषण म्हणजे शिवीगाळ, की आणखी काही?’

आधी शिवीचा निकाल लावू, कारण तो सोपा आहे. शिवीगाळीला पौलाकडे वेगळा शब्द आहे आणि मराठी बायबलातही वेगळा आहे. त्याच्याच कलस्सैकरांस पत्रात, 3:8 मध्ये, टाकून द्यायच्या गोष्टींची यादी आहे, तिच्यात शिवीगाळ नाव घेऊन येते. इफिसकरांच्या पत्रातही पुढच्याच अध्यायात, 5:4 ला, अमंगळपण, बाष्कळ गोष्टी आणि टवाळी अशी तीन नावं एकापाठोपाठ घेतली आहेत. 4:29 मध्ये नुसत्या शिव्याच म्हणायच्या असत्या तर शब्द हाताशी होता. तेव्हा ‘मी शिवी दिली नाही’ या सबबीवर तुमच्या ब्रदरना सुटता येणार नाही.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘साप्रोस’. तो माणसाच्या बोलण्यापेक्षा बाजारात जास्त शोभणारा. कुजलेलं, नासलेलं, आणि त्यावरून टाकाऊ, कामाचं नसलेलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात जाळं ओढून किनाऱ्यावर आणतात, चांगले मासे भांड्यात भरतात आणि उरलेले फेकून देतात. त्या फेकलेल्या माशांना हाच शब्द आहे. आता गंमत बघा, ते मासे नुकतेच पाण्यातून काढलेले. कुजायला त्यांना वेळच मिळालेला नाही. तिथे अर्थ ‘खाण्याच्या कामाचे नाहीत’ एवढाच. वाईट फळ देणाऱ्या झाडालाही हाच शब्द. मराठी भाषांतरकारांनी मासे आणि झाड दोन्हीकडे साधं ‘वाईट’ ठेवलं आणि बोलण्याच्या वेळी मात्र ‘कुजके’ काढलं.

काटेकोर अभ्यासक म्हणतील की इथेही ‘निरुपयोगी’ पुरलं असतं. असेल. पण माझ्या मते हा मराठी शब्द मुळापेक्षाही नेमका बसला आहे. छापील मराठी बायबलची भाषा जड असल्याची तक्रार जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून नव्याने भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच. त्या 1922 साली वारल्या आणि पूर्ण बायबल 1924 साली छापून निघालं. अशा तक्रारी झालेल्या भाषेत ‘कुजके’ हा थेट घरातला शब्द आहे. माझी आजी एक अक्षर वाचू शकत नव्हती, पण ‘कुजकट बोलू नको’ हे तिने आम्हाला आठवड्यातून चारदा तरी ऐकवलं असेल.

आणि आजी ते शिवीला कधीच म्हणायची नाही. शिवीला ती ‘तोंड धुऊन ये’ म्हणायची. कुजकट हे वेगळं खातं आहे.

मराठीत लागेल असं बोलण्याला शब्दांची ददात नाही. खोचक बोलणं टोचतं आणि तिथेच संपतं. तिरकस बोलण्यात थोडी अक्कल दिसते, कधी ऐकणाराही हसतो. टोमण्याला नेम लागतो. तो एकाला उद्देशून दुसऱ्यासमोर मारायचा असतो. पण कुजकट बोलण्याला वेळ लागतो. कुजायला आधी काहीतरी साठवून, झाकून ठेवावं लागतं. तीन महिन्यांपूर्वीचा राग, कुणी गायला उभं राहिलं आणि आपल्याला विचारलं नाही याची खंत, वर्गणीचा जुना हिशेब. हे सगळं बंद डब्यात राहतं आणि एक दिवस ‘काय, आज सूर्य कुठून उगवला?’ या निरुपद्रवी वाक्याला त्याचा वास येतो. शब्द स्वच्छ असतात, वास मात्र लपत नाही. ज्याला लागतो त्याला लागतोच, आणि बोलणारा खुशाल म्हणू शकतो, ‘मी काय वाईट बोललो?’

हे मी ओढूनताणून लावत नाही. त्याच अध्यायात फक्त तीन ओव्या आधी, 26 मध्ये, राग आला तरी तो मनात असताना सूर्य मावळू देऊ नका असं सांगितलं आहे. तुमच्या ब्रदरनी नेमका सूर्यच काढावा हा योगायोग. पण खरा प्रश्न तो कुठून उगवला हा नाही, त्यांच्या रागावर तो किती वेळा मावळला हा आहे. उशिरा येणाऱ्याबद्दल मनात काही नसेल, तर ते वाक्य नुसती चेष्टा. तीन महिने दार उघडून खुर्च्या मांडायचं काम एकट्याच्या अंगावर पडत असेल आणि ते कधी तोंडावर सांगितलं नसेल, तर तेच वाक्य कुजकट. व्याकरणाने याचा निवाडा होत नाही. ज्याचं त्याला माहीत असतं.

(जाता जाता: ‘कुजबूज’ या शब्दाचा कुजण्याशी संबंध लावण्याचा मोह होईल. लावू नका, तो नुसता आवाजावरून आलेला शब्द आहे. करिंथच्या मंडळीत काय काय चाललं असेल याची धास्ती पौल दुसऱ्या पत्रात व्यक्त करतो, तिथे ‘प्सिथुरिस्मोस’ असा शब्द आहे. उच्चारून पाहा, तोही ओठांतल्या ओठांत केलेल्या कुजबुजीचाच आवाज.)

ओवीचा पुढचा भाग लोक सहसा वाचत नाहीत. कुजके बोलू नका, तर ‘गरजेप्रमाणे उन्नतीकरता’ जे चांगलं ते बोला. आजच्या मराठीत ‘उन्नती’ ऐकली की पगारवाढ किंवा समाजकार्य आठवतं. मूळ शब्द ‘ओइकोदोमे’, म्हणजे घराचं बांधकाम. ज्या माणसाशी बोलतो आहोत त्याच्या भिंतीत एक वीट घालणं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते’ हे वाक्य याच बांधकामाचं. एकीकडे फुगा, दुसरीकडे भिंत. ‘गरजेप्रमाणे’ हा शब्दही महत्त्वाचा. वेळेवर आलेल्या माणसाची त्या क्षणाची गरज काय होती? बहुधा बसायला जागा आणि गीतांचं पुस्तक.

आता ताईंचं मीठ. त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. ग्रीक आणि लॅटिन लेखक चतुर, हजरजबाबी बोलण्याला मीठच म्हणत, तेव्हा कलस्सैकरांस 4:6 वाचताना त्या काळच्या वाचकाला हा अर्थ सुचला असणार. पण दोन गोष्टी. एक, त्याच वाक्यात मिठाच्या आधी ‘कृपायुक्त’ आहे. पदार्थ कृपेचा, मीठ चवीपुरतं. दुसरी, ती सूचना मुख्यतः बाहेरच्या लोकांशी कसं बोलावं याबद्दल आहे. आधीची ओवी काढून पाहा. विश्वास नसलेला माणूस काही विचारतो, तेव्हा अळणी, पाठ केलेलं उत्तर देऊ नका, असा तिचा रोख. आपल्याच बंधूला चिमटा काढायचा परवाना तिच्यात सापडत नाही.

शिवाय मराठीत मीठ एकटं फिरत नाही. त्याच्यासोबत तिखट आलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ‘फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं, बाहेर बोलू नका’ अशी सुरुवात झाली की पुढे तिखटमीठ येणार हे मंडळीत वाढलेल्या कुणालाही कळतं. ‘प्रीतीने सांगतो’ चीही तीच गत झाली आहे. मी तरी हे शब्द ऐकले की आधी सावरून बसतो.

उशिरा येणाऱ्याला कधीच काही म्हणायचं नाही का? म्हणायचं. गलतीकरांस 6:1 मध्ये चुकलेल्याला ‘सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा’ असं आहे. मराठी कानाला हे जरा विचित्र लागतं, कारण आपल्याकडे ताळ्यावर आणतात ते दम देऊन. सौम्य वृत्तीने कोण आणतं? पण मूळ क्रियापद तेच, जे मार्काच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान नावेत बसून जाळी नीट करत होते तिथे आहे. फाटलेलं जाळं ओरडून नीट होत नाही. मांडीवर घेऊन, भोक कुठे पडलंय ते बोटांनी चाचपून, एकेक गाठ मारावी लागते. आणि हे काम किनाऱ्यावर, निवांत वेळी होतं, जाळं पाण्यात असताना चारचौघांसमोर नाही.

प्रश्नाच्या शेवटी शुद्धलेखनाची एक शंका होती: ‘बंधु’ की ‘बंधू’? एकटा शब्द दीर्घ, बंधू. समासात पहिला आला की ऱ्हस्व: बंधुजन, बंधुप्रेम, बंधुभाव. ‘बंधुजनहो’ ज्या ग्रीक शब्दासाठी येतं, त्यात बहिणीही धरलेल्या असतात. ‘ब्रदर’ दोन्ही परींनी ऱ्हस्वच.