फोन नको, पद भरा

प्रिय बाबू,

येत्या सोमवारी तुम्ही पोरं पीएचसीला, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला, टाळं ठोकणार असं कानावर आलं. निवेदन तूच लिहितो आहेस म्हणतात, म्हणून तुला लिहिते. यातलं बरंचसं तुला पटणार नाही. गावात तर कोणालाच पटत नाही. पण उपकेंद्रात आणि पीएचसीत नर्स म्हणून नोकरी काढली, त्यामुळे बोलल्यावाचून राहवत नाही.

आधी त्या फ्लेक्सबद्दल. आमदारसाहेबांनी एक फोन केला, नागपूरला बेड मिळाला, आणि तुम्ही चौकात आभाराचा फ्लेक्स लावला. पेशंट वाचला याचा मलाही आनंद आहे. पण फोन केल्यानं बेड वाढत नाही बाबू, रांग बदलते. कोणाचा तरी नंबर मागं जातो, आणि मागं जाणारा नेहमी तोच असतो ज्याच्या ओळखीत कोणी नाही. आपल्याकडे तो पोडावरचा कोलाम आदिवासी असतो, नाहीतर रोजमजुरीची बाई. आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहत आले. दवाखाना जितका दुबळा, तितकी त्या फोनची किंमत जास्त. नेते हे मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. पण ज्या कामाचा फ्लेक्स लागतो तेच काम ते करणार, आणि फ्लेक्स तर आपणच लावतो.

आता खरा खोळंबा कुठं होतो ते बघ. जुलै-ऑगस्टात पऱ्हाटीत निंदण चालू असतं, धुऱ्यावर गवत वाढलेलं असतं, आणि एखाद्या बाईला साप चावतो. पीएचसीत आणलं की एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत तिचं थोडं रक्त घ्यायचं. नळी वीस मिनिटं हलवायची नाही. मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठलं नसेल तर घोणसासारख्या सापाचं विष भिनलं आहे, सापाची लस लगेच सुरू करायची. मण्यारीच्या विषात रक्त गोठतं, तिथं पापण्या जड झाल्यात का, श्वास कसा चालला आहे हे बघावं लागतं. याला मशीन लागत नाही, एसी लागत नाही. लस फ्रीजमध्ये असते. पण लसीची रिअॅक्शन येऊ शकते, ती आली तर सांभाळायला डॉक्टर लागतो. डॉक्टर जागेवर नसला की सिस्टर सलाईन लावते, चिठ्ठीवर 'रेफर' लिहिते आणि १०८ ला फोन करते. आपल्या झरी-जामणी तालुक्याच्या टोकावरून यवतमाळ शंभरेक किलोमीटर. एक माणूस जागेवर नाही, एवढ्यावरून हे सगळं होतं.

म्हणून नव्या इमारतीची मागणी निवेदनातून काढून टाक. इमारतीचं टेंडर निघतं, भूमिपूजन होतं, कोनशिला बसते. नर्सचं पद भरलं तर कसली कोनशिला? आमदार निधीतून ॲम्ब्युलन्स येते, पण त्या निधीतून ड्रायव्हरचा पगार निघत नाही. अशी गाडी दवाखान्यामागं टायर बसलेल्या अवस्थेत उभी असलेली तूही पाहिली असशील. महात्मा फुले योजना चांगली आहे, पण ती मोठ्या आजारात भरती झालेल्यांसाठी. तुझ्या आजीच्या बीपीच्या गोळ्या तिच्यातून येत नाहीत, त्या पीएचसीतच मिळायला पाहिजेत.

आता तुम्हा पोरांना सगळ्यात जास्त झोंबणारं सांगते. "सगळे नेते चोर" हे वाक्य निवेदनात नको. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं नसतं तर गावोगाव आशाताई दिसल्या नसत्या. १०८ ची गाडी २०१४ मध्ये सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. हे सगळं नेत्यांनीच केलं, वेगवेगळ्या पक्षांच्या. सगळ्यांना एका माळेत ओवलं की ज्याच्याकडून काम करून घेता आलं असतं तोही हात वर करून मोकळा होतो. त्यापेक्षा त्यांनीच लिहिलेलं त्यांना दाखव. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्के होईल आणि राज्यं २०२० पर्यंत बजेटचा आठ टक्क्यांहून जास्त हिस्सा आरोग्याला देतील. दोन्ही मुदती उलटल्या, आणि आपला महाराष्ट्र त्या आठ टक्क्यांच्या जवळपासही नाही. यावर बोलायला सांग त्यांना.

आणि टाळं ठोकू नको. आत एकटी सिस्टर असते, तीही कदाचित अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. तिच्यावर आरडाओरडा केला की ती बदली मागते, आणि तिच्या जागी लवकर कोणी येत नाही. सोमवारी लसीकरणाला आलेल्या बायका लेकरं घेऊन उन्हात उभ्या राहतील, ते वेगळंच.

त्याऐवजी माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला कर, कारण पीएचसी त्यांच्याकडे आहे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे असतं, ते यात मिसळू नको, नाहीतर अर्ज इकडून तिकडे फिरत राहील. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे तर विचारच. त्याच्याखाली हेही विचार, की भरलेल्यांपैकी प्रतिनियुक्तीवर कोण, कुठं आणि कोणाच्या आदेशानं. हा प्रश्न कोणी विचारत नाही. कागदावर पद भरलेलं असतं, पगारही आपल्याच पीएचसीच्या नावानं निघतो, आणि माणूस तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला बसलेला असतो.

ते उत्तर घेऊन आमदारसाहेबांकडे जा, डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरायच्या बरंच आधी. तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या प्रश्नाची, सूचना आधी द्यावी लागते, ऐन वेळी गेलास तर "पुढच्या वेळी बघू" ऐकून परत येशील. त्यांनी प्रश्न लावला आणि पद भरलं, तर त्या दिवशी खुशाल फ्लेक्स लाव. मी वर्गणी देईन.

अर्जाचा मसुदा आधी मला दाखव, पदांची नावं बरोबर लिहावी लागतात. आणि अर्ज दिलास की दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नको.

तुझी,
नर्सबाई