पूरमदतीला पहिल्यांदाच येत असाल तर

आपण मदतीला येताय, हे उत्तमच आहे. नाशिकला गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठचे जुने दुकानदार नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले ते पाहून माल वरच्या मजल्यावर हलवतात. म्हणून काहीही वाटण्याआधी त्यांनाच विचारावे. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे जुन्या कपड्यांचे गठ्ठे. २०१९ च्या पुरानंतर ते उपसण्यातच आमची सकाळ गेली, आणि गाळ काढायला फावडी मात्र चारच होती! तेव्हा फावडे, घमेले, खराटा आणि गमबूट एवढेच आणावे. शिध्याची यादी गल्लीतल्याच माणसाकडून करून घ्यावी, नाहीतर एकाच घरी तीनदा पिशवी जाते आणि मागच्या खोलीतला भाडेकरू उपाशी राहतो. पंचनामा होईपर्यंत भिजलेला माल मात्र फेकू देऊ नये.