बॅटरीवरची करवत उसळते का?

प्रश्न : चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घराचे कौलारू छप्पर उतरवून वासे व रिपा कापण्यासाठी मी १८ व्होल्टची, बॅटरीवर चालणारी रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे पाते पुढेमागे होऊन कापणारी करवत, घेतली. पहिल्याच दिवशी दोन पाती वाकली, हातांना मुंग्या आल्या आणि एकदा करवत उसळून अंगावर आली. यंत्रातच दोष आहे की माझे काही चुकते आहे?

उत्तर : यंत्र परत करण्यापूर्वी एवढे पाहावे की, कापत असताना पात्याच्या मुळाशी असलेली लोखंडी पट्टी, जिला दुकानदार ‘शू’ म्हणतात, ती वाशाला घट्ट टेकलेली असते काय. तुमच्या वर्णनावरून ती टेकलेली नसावी असे वाटते. या करवतीचे दाते पाते मागे येताना कापतात, म्हणजे प्रत्येक हेलकाव्याला लाकूड यंत्राकडे ओढले जाते. शू टेकलेला असेल तर तो ओढा शूवर येऊन तिथेच जिरतो. तो बोटभर जरी दूर राहिला तरी जाग्यावरचा वासा हलत नाही, यंत्रच पुढे खेचले जाते आणि पुढच्या क्षणी मागे ढकलले जाते. मिनिटाला तीन हजारांपर्यंत हेलकावे घेणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हे सेकंदाला पन्नास वेळा घडते, आणि त्या सगळ्याचा भार मनगटांवर येतो. विक्रेता ही करवत एका हाताने हवेत चालवून दाखवतो, पण हवेत कापायचे काहीच नसते.

म्हणून आधी पाते लाकडाला न लावता शू वाशावर दाबून धरावा, मग खटका ओढावा, आणि पाते वेगात आल्यावर मागची मूठ कलती करून दाते हळूहळू लाकडात उतरवावेत. एक हात मागच्या मुठीवर आणि दुसरा पुढच्या रबरी वेष्टनावर असावा. हॅकसॉच्या सवयीने यंत्र पुढेमागे रेटू नये. ते काम मोटार करते, आपण फक्त दाब द्यायचा.

आता वाकलेल्या पात्यांविषयी. ती हातात घेऊन बाक कोठे आहे ते पाहावे. टोकापासून बोट-दोन बोटांवर असेल, तर पात्याचे टोक बहुधा वाशामागच्या भिंतीवर आपटले आहे किंवा लाकडातच अडकले आहे. अशा यंत्रात पाते साधारण तीस मिलिमीटर पुढेमागे होते आणि पूर्ण मागे आल्यावरही त्याचे टोक लाकडाच्या पलीकडे राहिले पाहिजे. तसे न राहिल्यास पुढे येताना ते लाकडावर ठोसा मारते. तीन इंची वाशाला सहा इंची पाते जेमतेम पुरते, त्यामुळे नऊ इंची घ्यावे आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडून कापावे. बाक मधोमध असेल, तर पाते चिमटले गेले असावे. दोन्ही टोकांना टेकू असलेला वासा मध्ये वरून कापला की स्वतःच्याच भाराने खाली दबतो आणि चीर मिटते. त्यासाठी टेकूच्या बाहेरचा, मोकळा सुटणारा भाग कापावा, म्हणजे चीर आपोआप उघडत जाईल. सुटणाऱ्या तुकड्याखाली मात्र कोणी उभे नसावे.

जुन्या वाशांत खिळे असणारच. त्यासाठी इंचाला सहा ते दहा दात्यांचे बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेले, पाते मागावे. नुसत्या लाकडाचे पाते पहिल्याच खिळ्यावर बोथट होते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपसाठी चौदा ते अठरा दात्यांचे पाते घ्यावे, वेग कमी ठेवावा आणि थोडे तेल सोडावे. धातूच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते असावेत, नाहीतर ते मोडतात. पाते बदलताना बॅटरी काढून ठेवावी आणि नुकतेच कापलेले पाते उघड्या बोटांनी धरू नये, कारण ते चांगलेच चटका देते. भिंतीलगत वायरिंग असेल तर मेन स्विच बंद करूनच काम सुरू करावे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कौलांखालचा अनेक वर्षांचा केर आधी डोळ्यांतच जातो.

प्रश्न : पुण्यात अंगणातील आंब्याची वाळलेली फांदी शिडीवर उभे राहून याच करवतीने कापावी काय?

उत्तर : शिडीवरून कापू नये. शिडी धरायला एक हात लागतो आणि करवतीला दोन. जमिनीवरून पोहोचणारी फांदी असेल तर इंचाला तीन ते सहा दात्यांचे लांब पाते लावावे. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश कापावे, मग थोडे पुढे सरकून वरून कापावे; असे केल्याने फांदी मोडताना खोडाची साल सोलून निघत नाही. उरलेला ठोंब शेवटी फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून काढावा. फांदी विजेच्या तारांजवळ असल्यास हात न लावता वीज कंपनीला कळवावे. शहरी भागातील झाडे १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा पालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : पडवीवरचा जुना सिमेंटचा पत्रा या करवतीने कापता येईल काय?

उत्तर : नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि वेगाने चालणारे पाते त्याची बारीक धूळ करून हवेत उडवते, जी फुप्फुसांत गेल्यावर बाहेर पडत नाही. पत्रा पाण्याने भिजवून घ्यावा, त्याच्या हुकांचे नट सोडवावेत आणि तो न मोडता अख्खा उतरवावा. नट गंजून बसले असतील, तर पत्र्याला धक्का न लावता हुकाचा आतला दांडा मात्र या करवतीने, अठरा दात्यांच्या पात्याने, खुशाल कापावा.